पाण्याच्या मागावर पुणे : जुन्या पेठांतील आडबाजूची स्थळे आणि अस्सल खाण्याच्या जागा कशा शोधाव्यात

पुण्यात दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा बहुधा शनिवारवाडा, दगडूशेठ गणपती, सारसबाग आणि वेळ उरलाच तर सिंहगड एवढे पाहून परततो, आणि जेवणासाठी मोबाइलने सुचवलेल्या पहिल्या चार नावांपैकी एखाद्या दारात तासभर ताटकळतो. ही ठिकाणे पाहू नयेत असे मुळीच नाही. मात्र ‘इथले लोक जिथे जातात तिथे आम्हाला न्या’ असे ज्याला म्हणावेसे वाटते त्याला यादीचा उपयोग होत नाही, कारण आडबाजूची जागा यादीत आली की ती फार काळ आडबाजूची राहत नाही. त्याला शोधण्याची रीत हवी असते. घरी येणाऱ्या आप्तांना पेठांतून हिंडवता हिंडवता जी रीत माझ्या हाती लागली ती पुढे मांडतो. तिच्या मुळाशी एकच निरीक्षण आहे : जुन्या शहरात पाहण्यासारखी जागा आणि खाण्यासारखी जागा बहुतेक वेळा एकमेकींच्या शेजारी असतात, कारण दोन्हीकडे माणसे पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या गरजेसाठी जमत आली आहेत.

एकच धागा धरावा

पहिली गोष्ट म्हणजे ‘पुणे पाहायचे आहे’ हा विचार सोडून द्यावा आणि एखादाच धागा धरावा. तो धागा हस्तव्यवसायाचा असेल, देवळांचा असेल किंवा छापखान्यांचा असेल. माझी पसंती पाण्याला आहे, कारण पाणी जिथे मिळे तिथे चौक झाला, चौकात देऊळ आले, देवळाजवळ फुलवाला, हलवाई आणि कालांतराने चहावाला आला.

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७५०च्या सुमारास, कात्रजला पाणी अडवून तलाव बांधला गेला आणि तेथून जमिनीखालच्या बांधीव नळातून केवळ उताराच्या जोरावर ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणले गेले. या नळाची हवा खेळती राहावी आणि आतला गाळ उपसता यावा यासाठी वाटेत दगडी ‘उच्छ्वास’ बांधले होते. पेठांमध्ये लोकांना पाणी भरता यावे म्हणून सार्वजनिक हौद होते. पुढे खडकवासल्याचे पाणी घरोघरी नळाने येऊ लागले, हौदांवरची वर्दळ ओसरली, काही बुजले, काही भिंतीआड गेले. नावे मात्र चौकांना चिकटून राहिली : फडके हौद, काळा हौद, बदामी हौद. येथे शोधणाऱ्याने करायचे काम सोपे आहे. निघण्यापूर्वी शहराचा नकाशा उघडावा आणि त्यात हौद, वेस, घाट, झरी, विहीर, आळी, बोळ, पार असे शब्द असलेली नावे तेवढी हेरून त्यांवर खुणा कराव्यात. हॉटेलांची किंवा प्रेक्षणीय स्थळांची नावे या टप्प्यावर पाहूसुद्धा नयेत. खुणा जोडल्या की दीड-दोन तासांत पायी होणारी एक वाट आपोआप दिसू लागते.

माझ्या पाहुण्यांची वाट बुधवार पेठेतल्या फरासखाना पोलीस ठाण्यापासून सुरू होते. समोर दगडूशेठच्या दर्शनाची गर्दी असते, आणि तिच्यापासून काही पावलांवर असलेल्या बाहुलीच्या हौदाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी लहान वयात वारलेल्या आपल्या लेकीच्या स्मरणार्थ तो बांधला. घोले हे नामांकित शल्यचिकित्सक आणि सत्यशोधक चळवळीतले. मुलीला शिकवण्याचा आग्रह धरणारा बाप त्या काळी समाजाच्या रोषाला कसा पात्र होत असे, याच्या कथा या हौदाभोवती आजही सांगितल्या जातात. पाच मिनिटे थांबण्याची ही जागा आहे, पण पुण्याच्या एकोणिसाव्या शतकाबद्दल ती जेवढे सांगते तेवढे काही मोठ्या इमारतीही सांगत नाहीत.

तेथून फडके हौदाकडे जावे. आज या चौकात पाणी शोधू गेल्यास वाहनेच सापडतील. परंतु चौकातल्या गर्दीला अजूनही सकाळची भूक लागते, आणि शंभरी ओलांडलेले वैद्य उपाहारगृह याच परिसरात आहे. तेथील मिसळीला लाल तर्री नसते. हिरव्या मिरचीच्या आणि कोथिंबिरीच्या अंगाने जाणारा तिचा रस्सा कोल्हापूरकराला पहिल्या घासाला अळणी वाटण्याचा संभव आहे; मात्र त्याने लगेच मत देऊ नये. पुण्यातच नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातली बेडेकरांची मिसळ गोडसर वळणाची आहे, आणि दोन्हींमधले अंतर चालत वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. एकाच शहरातल्या दोन पेठांत एकाच पदार्थाची अशी दोन वळणे भेटणे हीच स्थानिकपणाची खूण समजावी. जिथे मिसळ पुणेरी, कोल्हापुरी, नाशिक आणि झणझणीत अशा चार प्रकारांत एकाच फलकावर लिहिलेली असते, तिथे ती यांपैकी कुठलीच नसण्याची शक्यता अधिक.

फडके हौदापासून पुढे कसबा पेठेत तांबट आळी आहे, आणि ती शोधण्यासाठी नकाशा लागत नाही, कान पुरतात. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके मारून त्याला पैलू आणि बळकटी देण्याच्या कामाला तांबट ‘मठारणे’ म्हणतात, आणि पेशवाईपासून येथे वसलेल्या कारागिरांच्या कामाचा तो नाद गल्लीच्या तोंडाशीच ऐकू येतो. येथे जाताना दोन पथ्ये पाळावीत. हे प्रदर्शन नाही, लोकांचे घर आणि कारखाना आहे, म्हणून उंबऱ्याबाहेर उभे राहून ‘काका, थोडा वेळ पाहू का?’ असे विचारल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, आणि छायाचित्रासाठी वेगळी परवानगी घ्यावी. शक्य असेल तर एखादे लहान भांडे विकत घ्यावे. गप्पा त्यानंतर मोकळ्या होतात, आणि दुपारचा डबा घरून आला नाही तर ही मंडळी कुठून मागवतात हे त्याच गप्पांत समजते.

या वाटेचा शेवट नागझरी या ओढ्याच्या काठी, सोमवार पेठेत होतो. नागझरी आज पाहावी अशी राहिलेली नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. पण तिच्या काठावरचे त्रिशुंड गणपतीचे देऊळ हे माझ्या मते पुण्यातले सर्वांत विलक्षण आणि सर्वांत कमी पाहिले गेलेले शिल्प आहे. भीमगीरजी गोसावी यांनी १७५४ मध्ये त्याचे काम आरंभले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. पुण्यातली पेशवाईतली देवळे बहुधा साधी, वीट-चुन्याच्या शिखराची आणि लाकडी सभामंडपाची असतात. हे मात्र काळ्या दगडाचे असून त्याची दर्शनी भिंत कोरीव कामाने भरलेली आहे. मूर्ती तीन सोंडांची आणि मोरावर बसलेली आहे. दर्शनी भागावर डाव्या-उजव्या बाजूंना नीट पाहिले तर साखळदंडांनी बांधलेला गेंडा आणि त्याला बांधणारे गोरे शिपाई दिसतात. प्लासीनंतर बंगाल इंग्रजांच्या हाती गेला त्याचे हे रूपक असावे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. आत संस्कृतबरोबर फारसी शिलालेखही आहे. असे देऊळ शनिवारवाड्यापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर असताना तेथे दुपारी दोन-चार भाविकांपलीकडे कोणी नसते, याचे कारण ते लपलेले आहे हे नसून, त्याच्यापर्यंत जाणारी वाट कोणत्याही मोठ्या रस्त्यावरून सुरू होत नाही एवढेच आहे.

नावे वाचण्याची सवय

पाण्याचा धागा ज्यांना रुचणार नाही त्यांनी देवांची नावे घ्यावीत. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, सोट्या म्हसोबा अशी नावे ऐकून पाहुणे हसतात आणि पुढे जातात. पण यांतले बरेचसे नाव म्हणजे त्या जागेचा जुना पत्ता आहे. पासोड्यांचा, म्हणजे जाड पांघरुणांचा, बाजार जिथे भरे तिथला तो विठोबा, जिलब्यांच्या दुकानाजवळचा तो मारुती, पत्रावळी जिथे विकल्या जात तिथला तो पत्र्या मारुती. नाव कळले की त्या जागी पूर्वी कोण बसत असे हे कळते, आणि तो धंदा आज कुठे सरकला हे विचारता येते. हाच प्रश्न बुरूड आळी, बोहरी आळी, कापडगंज यांना लावून पाहावा.

तुळशीबागेचे उदाहरण घ्या. भांडी, टिकल्या आणि कपड्यांच्या खरेदीसाठी तेथे येणाऱ्या बहुतेकांना बागेच्या मधोमध नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेले राममंदिर आहे याची कल्पना नसते, कारण त्याची दारे दुकानांच्या रांगेत हरवलेली असतात. जवळच्याच बेलबागेत नाना फडणविसांचे विष्णुमंदिर आहे. तेथील शांतता आणि बाहेरच्या लक्ष्मी रस्त्याचा गोंगाट यांत अंतर फक्त एका दरवाजाचे आहे. थोडक्यात, पेठांमध्ये दुकानांच्या मधून आत जाणारा अरुंद बोळ दिसला की त्यात डोकवावे. आत देऊळ असेल, वाड्याचा चौक असेल किंवा नुसती सायकल लावलेली असेल. वाड्याचा चौक असेल तर मात्र तो राहता वाडा आहे हे विसरू नये. विचारल्यावर आजीबाई स्वतः आत बोलावतात, न विचारता गेल्यास जे ऐकावे लागते त्यालाही अस्सल पुणेरी अनुभव म्हणता येईल, पण तो टाळलेला बरा.

मंडईबद्दल एक टीप. महात्मा फुले मंडईची अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ची असून तिचे मूळ नाव रे मार्केट होते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या बांधकामावरील खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव त्यांचेच मिळाले. इमारत पाहायची तर दहानंतर जावे; लोक पाहायचे तर सकाळी सातला.

नदीकाठच्या पेठांत जुने वाडे कमी का दिसतात असे पाहुणे विचारतात. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नारायण, शनिवार, कसबा या पेठांतली असंख्य घरे पाण्यात गेली, हे त्याचे मुख्य उत्तर आहे. उरलेले काम पुनर्बांधणीने केले.

घड्याळ सांभाळावे

अस्सल खाणे चुकण्याचे सर्वांत मोठे कारण चुकीची जागा नसून चुकीची वेळ हे असते. पेठांतली जुनी उपाहारगृहे ग्राहकाच्या सोयीने चालत नाहीत, पदार्थाच्या सोयीने चालतात. मिसळ, पोहे, उपीट यांची वेळ सकाळी साडेसात ते दहा-साडेदहा, जेवण साडेअकरा ते दोन-अडीच, मग झोप, बटाटेवडा आणि भजी चारनंतर. दुपारी एक ते चार या वेळेवरून पुणेकरांची इतकी थट्टा झाली आहे की तिच्यात मी भर घालत नाही, पण पाहुण्याने ती थट्टा म्हणून न घेता वेळापत्रक म्हणून घ्यावी. केसरीवाड्यासमोरच्या प्रभा विश्रांतीगृहाच्या वड्यासाठी किंवा टिळक रस्त्यावरील बादशाही बोर्डिंगच्या ताटासाठी निघण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ विचारून घेणे हे स्थळ शोधण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

बादशाहीचे नाव निघाले म्हणून ‘बोर्डिंग’ आणि ‘खाणावळ’ या शब्दांविषयी थोडे विस्ताराने लिहितो. शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी पुण्यात येणाऱ्या एकट्या माणसांनी गेल्या शतकात येथील जेवणाची व्यवस्था घडवली. महिन्याचे पैसे भरणारा सभासद रोज त्याच जागी जेवत असल्यामुळे अशा ठिकाणी पदार्थांची यादी नसते. वार ठरलेले असतात. अमुक वारी अमुक उसळ, रविवारी गोड, एकादशीला साबुदाणा. म्हणून अशा जागी गेल्यावर ‘तुमच्याकडे विशेष काय?’ असे विचारू नये. ‘आज काय आहे?’ असे विचारावे. या एका प्रश्नाने वाढप्याचा चेहरा सैल होतो. पेठांत मांसाहार मिळत नाही हाही एक गैरसमज आहे; सदाशिव पेठेतच आवारे यांची मराठा खाणावळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि मटणाचा रस्सा व बाजरीची भाकरी यांसाठी तेथे येणाऱ्यांत त्याच पेठेतले लोक कमी नसतात.

खाण्याचा दुसरा चेहरा पाहायचा असेल तर नाना पेठ आणि भवानी पेठेकडे वळावे. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हमाल पंचायतीने १९७०च्या दशकात कष्टकऱ्यांसाठी ना नफा ना तोटा तत्त्वावर ‘कष्टाची भाकर’ ही केंद्रे सुरू केली. भाकरी, भाजी, आमटी, भात एवढाच सरळ मामला असतो. पुण्याच्या चवीची चर्चा करणाऱ्या बहुतेकांच्या यादीत हे नाव नसते, आणि माझ्या मते त्या यादीचा तो सर्वांत मोठा दोष आहे. येथे गेल्यास रांगेत उभे राहावे, लवकर उठावे आणि जेवणाऱ्यांची छायाचित्रे काढू नयेत.

कोणाला आणि कसे विचारावे

‘इथे चांगले हॉटेल कुठे आहे?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण विचारणाऱ्याच्या कपड्यांकडे पाहून त्याला उत्तर दिले जाते. पाहुण्याला शोभेल असे वातानुकूलित ठिकाण सांगण्यामागे सांगणाऱ्याचा चांगुलपणाच असतो. त्याऐवजी प्रश्न त्याच्या स्वतःच्या आयुष्याला लावावा. ‘दादा, तुम्ही सकाळी दुकान उघडण्याआधी नाश्ता कुठे करता?’ ‘मावशी, घरी अचानक पाहुणे आले तर तुम्ही कुठून काय मागवता?’ ‘उपासाच्या दिवशी कुठे जाता?’ या प्रश्नांना खोटे उत्तर देणे अवघड असते. फुलवाली, झेरॉक्सवाला, छपाईचे दुकान, सराफाकडचा कारागीर, टपाल वाटणारे काका ही माणसे दिवसभर एकाच परिसरात असतात आणि बाहेरच खातात, म्हणून ती विश्वासार्ह. दोन निरनिराळ्या धंद्यांतल्या माणसांनी एकच नाव सांगितले तर तिकडे निघावे. तिसऱ्याला विचारण्याची गरज नाही.

विचारण्याची उत्तम जागा म्हणजे अमृततुल्य. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी कुटुंबांनी पुण्यात रुजवलेली ही चहाची दुकाने. पितळी पातेल्यात उकळणारा, वेलदोडा आणि आले कुटून घातलेला, फडक्याने गाळलेला चहा ही त्यांची ओळख. आता त्या नावाच्या साखळ्या निघाल्या असून शहराबाहेरही पाट्या दिसतात, तेव्हा पेठेतले जुने दुकान निवडावे : बसायला चार-सहा जणांपुरती जागा, भिंतीवर देवाची तसबीर, आणि गल्ल्यावर बसलेला माणूस आलेल्या गिऱ्हाइकाचा कप न विचारता भरतो. पहिला चहा गप्प बसून प्यावा, दुसऱ्याला प्रश्न विचारावा.

खाण्याची जागा पारखताना गर्दी हा पुरावा मानू नये; गर्दी कोणाची आहे ते पाहावे. सुट्टीच्या दिवशी रांग असलेल्या ठिकाणी मंगळवारी अकरा वाजता कोण बसले आहे, कोणी घरचा डबा घेऊन पार्सल न्यायला येतो का, वाढपी गिऱ्हाइकाला नावाने हाक मारतो का, एखादा पदार्थ संपल्याचे निर्विकारपणे सांगितले जाते का, या गोष्टी बोलक्या असतात. उलट ‘अस्सल’, ‘पारंपरिक’, ‘गावरान’ हे शब्द जितके मोठ्या अक्षरांत, तितके सावध राहावे. मी स्वतः एकदा नागपूरच्या मेहुण्यांना अशाच एका जागी नेले होते. दारात बैलगाडीचे चाक, भिंतीवर पितळी परात, वाढप्यांच्या डोक्याला फेटा, आणि ताटात आलेल्या पिठल्याला साखरेचा असा वास की मेहुण्यांनी ते गोड पदार्थ समजून शेवटी खायला ठेवले. बिल पाहून ते काही बोलले नाहीत; बाहेर आल्यावर कोपऱ्यावरच्या गाडीवर त्यांनी दोन वडापाव खाल्ले आणि मला एक दिला.

गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत ही वाट चालू नये. त्या काळात पेठा पाहण्याची मजा वेगळी, पण बोळ मंडपांनी बंद असतात आणि बोलायला कोणालाही उसंत नसते. पावसाळ्याचा आरंभ मात्र त्रिशुंडासाठी राखून ठेवता येईल. त्या देवळाखाली तळघर असून त्यात एरवी पाणी साचलेले असते. गुरुपौर्णिमेला ते पाणी उपसून खालच्या समाधीच्या दर्शनासाठी तळघर उघडले जाते. त्या सकाळी पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून चपला वर काढून, भिंतीला हात धरून उतरावे.